डाव्या अंगठ्याचा घट्टा

आई, परवा मंडळाच्या हॉलमध्ये तुझा अंगठा फार गाजला.

तू गेल्याला पंधरा दिवस झाले होते आणि मंडळाने शोकसभा ठेवली होती. कोलकात्यातली आपली नेहमीची पन्नास-साठ मराठी माणसं, खाली सतरंजी, समईमागे तुझा फोटो. फोटो चिटणीस जोगळेकर काकांनी शोधून काढला होता, हातात जपमाळ धरलेला. ती माळ तुझी नव्हती. गणपतीत कुणीतरी "जरा धरा हो वहिनी" म्हणून तुझ्या हातात दिली आणि तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला, मी तिथेच उभी होते. एकेकजण उठून दोन शब्द बोलत होता. सोज्वळ, सोशिक, धर्मपरायण. मग जोगळेकर काकू उठल्या, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "वहिनींच्या अंगठ्याला जपाचा घट्टा होता. मी स्वतः हात लावून बघितलाय. एवढी साधना आजकाल कोण करतं?" अख्ख्या हॉलने माना डोलावल्या. माझ्या शेजारी बाबा बसले होते. त्यांनीही डोलावली.

मी गप्प बसले. तुला खरं वाटणार नाही, पण बसले. निघताना काकांनी मला गाठलं. "मने, स्मरणिकेत आईवर दोन पानं तूच लिही. साधनेवर भर दे म्हणजे झालं." मी हो म्हटलं. ती दोन पानं ही. छापायची तर अशीच छापा, नाहीतर त्या जागी उदबत्तीची जाहिरात घाला.

तर आई, पहिली गोष्ट. घट्टा तुझ्या डाव्या अंगठ्याला होता. डाव्या हाताने जप कोण करतं? इतकी वर्षं त्या घट्ट्याचं कौतुक करणाऱ्या एकाही शहाण्या माणसाच्या डोक्यात हे आलं नाही.

दुसरी गोष्ट. तो घट्टा व्हिडिओ गेमचा होता. रिमोटवर डावीकडे अधिकच्या चिन्हासारखं एक बटण असतं, त्याने पडद्यावरचा माणूस पळतो. ते बटण तू तीस वर्षं दाबलंस. डबा, धुणं, स्वयंपाक सगळं बाराच्या आत आवरून, दुपारी साडेबारा ते चार.

बाबांची बँकेने इथे बदली केली तेव्हा मी आठ वर्षांची होते. तू सांगलीची. हिंदी बेताची आणि बंगालीत फक्त मिठायांची नावं. डमडमच्या या दुसऱ्या मजल्यावर आपण भाड्याने राहायला आलो आणि तुला पहिला धक्का बसला तो दुपारचा. जेवण झालं की इथे अख्खी गल्ली झोपते. दुकानदार शटर खाली ओढतो, रिक्षावाला रिक्षातच आडवा होतो. तुला दुपारी डोळ्याला डोळा लागायचा नाही आणि बोलायला कुणी नव्हतं. माझी शाळा सकाळची, पण घरी पोचेपर्यंत दोन वाजायचे. मी घरी यायचे तेव्हा तुझे डोळे लाल असायचे आणि तू म्हणायचीस, "कांदा चिरत होते." स्वयंपाक कधीचाच झाकून ठेवलेला असायचा. मी लहान होते, बावळट नव्हते.

मग माझ्या वाढदिवसाला बाबांनी खिदिरपूरच्या बाजारातून ते यंत्र आणलं. परदेशी कंपनीच्या यंत्राची कुणीतरी केलेली नक्कल. सोबत एक पिवळी कॅसेट, तिच्यावर छापलेलं की आत नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम आहेत. आपण दोघींनी बसून मोजले, सात निघाले. पुढे तेच सात फिरूनफिरून. "यांच्यापेक्षा आपला दूधवाला बरा, निदान रंग तरी पांढरा ठेवतो," तू म्हणालीस. त्या सातांतला एक तू उचललास. एक बुटका माणूस पळतो, खड्ड्यांवरून उड्या मारतो, आठ मुलुख ओलांडतो आणि शेवटी किल्ल्यात जातो. त्याचं नाव काहीतरी इंग्रजी होतं, तू त्याला बाळू केलास. "बाळ्या, मेल्या, पुढे खड्डा आहे की रे." सहा महिने इथे कुणाशी मनमोकळं न बोललेली तू बाळूशी बोलायला लागलीस. मी शाळेतून आले की आता तुझे डोळे कोरडे असायचे आणि तू दार उघडायला वेळ लावायचीस.

यंत्र माझं होतं, हे मी इथे नोंदवून ठेवते. वाढदिवस माझा होता.

पण दोघांच्या खेळाची रीत अशी की एक नंबरचा जीव जाऊन तो आउट होईपर्यंत दोन नंबरने रिमोट मांडीवर घेऊन बसायचं. एक नंबर कायम तू. का, तर तू मोठी. आणि तू आउटच व्हायची नाहीस. कॅसेट अडकली की ती काढून चुलीत मारावी तशी सणसणीत फुंकर मारायचीस, परत बसवायचीस आणि पुन्हा सुरू. मी शाळेतून तोंडात बंगाली घेऊनच यायचे. "मा, आमार पाला कोखोन?" तुझं उत्तर ठरलेलं. "मराठीत माग. मराठीत मागितलीस तर एक जीव मुद्दाम घालवीन." मी मराठीत मागायचे. "आई, माझी पाळी कधी?" "मी आउट झाले की." मुद्दाम जीव तू एकदाही घालवला नाहीस. पण माझ्याबरोबरच्या मंडळातल्या निम्म्या मुलांना आज मराठीत धड भांडता येत नाही आणि मला येतं, ते त्या मांडीवरच्या रिमोटमुळे. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते. मानते.

आणि आवाज बंद. हा घरचा नियम होता. खालच्या मजल्यावर मित्रा काकिमा झोपलेल्या असत, आणि बँकेतल्या साहेबाची बायको दुपारी टीव्हीसमोर बसून उड्या मारते हे गल्लीत कळायला नको. त्यामुळे बाळू इतकी वर्षं मुक्याने पळाला.

घट्ट्याची भानगड झाली ती कुणाच्या तरी लग्नात. बांगड्या भरताना कासारीण हात दाबत होती, जोगळेकर काकूंनी मदतीला म्हणून तुझा अंगठा धरला आणि विचारलं, "हे काय हो? जपाचा का?" तू हसलीस. खोटं बोलली नाहीस, फक्त नाही म्हणाली नाहीस. बस, तेवढ्यावर तुझी कीर्ती बराकपूरपासून बजबजपर्यंत गेली. तुला अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना पुढे बसवायला लागले. तुला तर ते येतही नव्हतं. मग तू ते पाठ करायला बसलीस, बाळूच्या तालावर, प्रत्येक उडीला एक ओळ. गणपतीने ते कसं घेतलं असेल देव जाणे.

मी मोठी झाले तशी आपली यावरून भांडणं व्हायला लागली. मी म्हणायचे, सांगून टाक ना एकदाचं. चोरी केलीस का? पुरुष पत्ते कुटतात, ते चालतं. तू भाकरी थापत शांतपणे म्हणायचीस, "त्यांना जे बघायचंय ते बघू दे. माझी दुपार माझी आहे. तिच्यावर मला कुणाचा सल्ला नको." मी म्हणायचे, हा भित्रेपणा आहे. तू म्हणायचीस, "असेल." आणि तिथे विषय बंद. तू भित्री नव्हतीस, हे मला आत्ता कळतंय. तुला त्यांची परवानगीही नको होती आणि त्यांची माफीही नको होती. पण आई, आता तू नाहीस आणि दुपार कुणीतरी भलतंच पळवायला निघालंय. तुझ्या साडेतीन तासांवर ते आपला देव बसवतायत. ते मी होऊ देणार नाही. रागावशील, तर रागाव.

जुनं यंत्र तू किती जगवलंस. चांदनीच्या बाजारातल्या त्या म्हाताऱ्या मिस्त्रीने ते पंधरा वेळा तरी उघडलं असेल. शेवटी त्याने हात जोडले. "मासिमा, पार्ट आर पाओआ जाय ना." सुटे भाग मिळेनासे झाले, यंत्र बसलं. दोन वर्षं तू दुपारी नुसती बसून असायचीस आणि घट्टा मऊ पडायला लागला. मंडळात म्हणायला लागले, वहिनींचा जप कमी झाला, तब्येत बरी नसेल. पहिल्यांदा त्यांचं थोडं बरोबर होतं.

मग ती छोटी प्रतिकृती आली. मूळ कंपनीनेच आपलं जुनं यंत्र पुन्हा काढलं होतं, हुबेहूब पण तळहातावर मावेल एवढं, गेम आतच भरलेले. मी ते मागवलं आणि तुझ्या पुढ्यात ठेवलं. तू चष्मा लावून उलटसुलट बघितलंस. "आपली नक्कल केवढी मोठी होती," म्हणालीस, "आणि ही असली एवढीशी?" मग कॅसेटचं झाकण उघडायला गेलीस. ते उघडेना. ते नुसतं दिसायला आहे, आत काही नाही, असं मी सांगितलं. "मग फुंकर कुठे मारायची?" तू विचारलंस. रिमोट मात्र पूर्वीएवढाच होता. तू तो हातात घेतलास आणि अंगठा आपला आपण जागेवर गेला. वायर आखूड निघाली म्हणून तू टीव्हीपुढे पाट मांडलास, त्या गुडघ्यांनी, त्या वयात.

त्या दिवशी मी आवाज सुरू केला. तू दचकलीस, हात थांबला, बाळू खड्ड्यात गेला. "हे असं वाजायचं होय?" तू म्हणालीस. तू पुन्हा खेळायला लागलीस ते डोळे पुसत. या वेळी कांद्याचं नाव काढलं नाहीस.

लोक हसले माझ्यावर. ऑफिसात एकजण म्हणाला, जुन्या आठवणी विकायचा धंदा आहे तो, तुमच्यासारखे लोक बळी पडतात. विकू दे. विकणाऱ्याला काय माहीत त्याने डमडमला काय पोचतं केलं.

आता ते भांडण. ते अर्धवट राहिलंय आणि मला ते संपवायचंय.

छोट्या यंत्रात एक सोय आहे. कुठेही थांबून खेळ साठवून ठेवता येतो, आणि आउट झालं की थोडं मागे जाऊन पुन्हा खेळता येतं. मी साठवत नसे, पण मागे जायला ती सोय सर्रास वापरायचे. तू कधी हात लावला नाहीस. "आउट म्हणजे आउट," तू म्हणायचीस. "मागे जाऊन खेळायचं तर खेळायचं कशाला?" गेल्या महिन्यातला तो रविवार. तू शेवटच्या किल्ल्यात होतीस, आणि तुझा श्वास मला खोलीभर ऐकू येत होता. तू पडलीस. तेवढ्यात कुकरची शिटी झाली, तू आत गेलीस, आणि मी ते बटण दाबलं. बाळूला खड्ड्यातून वर काढून ठेवला. तू आलीस, पाटावर बसलीस, पडदा बघितलास. "माझे दोन जीव होते. तीन कसे झाले?"

मी म्हटलं, "काय बिघडतं त्याने?"

"मला न विचारता मला मागे आणलंस?" तू आवाज चढवला नाहीस. यंत्र बंद केलंस आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. मीही हट्टाने बोलले नाही. दोन नंबरचा रिमोट काढून कपाटात टाकला.

त्या हट्टातले दोन दिवस मला परत हवेत. मी तुझी मुलगी आहे, मला मागे जायला आवडतं, मी कबूल करते.

पुढच्या आठवड्यात बायपासजवळच्या त्या हॉस्पिटलात डॉक्टर मला बाजूला घेऊन व्हेंटिलेटरबद्दल बोलले. तू ते शुद्धीवर असतानाच नको म्हणून सांगितलं होतंस, त्यांच्यापुढे, हिंदीत, स्पष्ट. मी तुझ्या खाटेशी बसून भीक मागितली. एकदा हो म्हण, चार दिवसांचा प्रश्न आहे, डॉक्टर म्हणतायत. तू तोंडावरचा मास्क जरा सरकवलास आणि म्हणालीस, "मने, तो रविवार आठवतोय ना?" आठवत होता. मी हात मागे घेतला. या वेळी मी बटण दाबलं नाही, आई. तू म्हणशील बरोबर केलंस. मी अजून म्हणत नाही. मी तुझ्यावर चिडलेय, आणि मला वाटेल तितके दिवस चिडणार आहे.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मित्रा काकिमा जिना चढून वर आल्या, हातात वरण-भाताचा डबा. रडत होत्या. मला म्हणाल्या, "बोउदी नेई, दुपुरे आर टुकटुक होबे ना." वहिनी नाहीत, दुपारी आता टुकटुक होणार नाही. त्या बटणांचा आवाज छतातून त्यांना इतकी वर्षं ऐकू जात होता. मी विचारलं, तुमची झोप मोडायची का? त्या म्हणाल्या, उलट, ते सुरू झालं की त्यांना झोप लागायची. वर माणूस जागं आहे, काळजी नाही. आणि आपण आवाज बंद करून बसायचो.

परवा शोकसभेहून परतताना टॅक्सीत मी बाबांवर उखडले. "तुम्ही मान काय डोलावलीत? जपाचा घट्टा?"

बाबांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. बँकेतून आलो की टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायचो, गरम असायचा. सांगलीहून तिला इथे आणली ती मी. तिला काहीतरी सापडलं होतं. मी काय विचारणार?"

"मग आज तरी बोलायचं."

"तिने मला कधी सांगितलं नाही, म्हणून मला बोलता येत नाही," बाबा म्हणाले. "तुला तिने बरोबर बसवलं होतं. तू बोल." मग म्हणाले, "हॉस्पिटलात नेलं त्याच्या आदल्या दिवशी दुपारभर खेळत होती. चहा मी केला."

हे मला माहीत नव्हतं. मी त्या दिवशी ऑफिसात होते.

काल दुपारी मी सुट्टी टाकली आणि तुझ्या पाटावर बसले. यंत्राला दोन्ही रिमोट लावलेले होते. दोन नंबरचा मी कपाटात टाकला होता, आई, तो तू शोधून काढलास आणि लावलास. शेजारी ती माहितीची घडीपुस्तिका होती, खेळ कसा साठवायचा त्या पानावर उघडलेली, आणि बटणाच्या चित्राजवळ पेन्सिलीने तुझ्या अक्षरात लिहिलं होतं, "हे दाबायचं."

मी यंत्र सुरू केलं. साठवलेला खेळ एकच होता.

वर एक नंबरचे, म्हणजे तुझे, गुण दिसत होते. तेवढे गुण शेवटच्या किल्ल्यात पोचल्याशिवाय होत नाहीत. मधोमध काळ्या पडद्यावर पुढची पाळी कुणाची ते लिहिलेलं होतं. दोन नंबर. पहिला मुलुख. जीव तीन. तिथे तू खेळ थांबवून ठेवला होतास. एकटीने दोघींचा खेळ लावून, एकही जीव न घालवता किल्ल्यापर्यंत जाऊन, आउट होऊन, ज्या बटणाला कधी शिवली नाहीस ते माझ्या पाळीसाठी दाबून ठेवलंस. किल्ल्यात तू खरंच पडलीस की तो एक जीव शेवटी मुद्दाम घालवलास, ते मला कधीच कळणार नाही. मी मराठीत मागितलं होतं, तीस वर्षांपूर्वी. तुझ्या लक्षात होतं, एवढं मला कळलं.

 बाबांनी चहा आणून ठेवला आणि आत गेले.

जोगळेकर काका, फोटो बदला. माझ्याकडे एक आहे. आई पाटावर बसलीय, चष्मा नाकावर, तोंड उघडं, दोन्ही अंगठे रिमोटवर, आणि कॅमेऱ्याकडे तिचं बिलकूल लक्ष नाही. खाली काय लिहायचं ते विचारू नका. पट्टीची खेळाडू, लिहा.

मग मी आवाज पूर्ण सोडला, खालच्या काकिमांना ऐकू जाईल एवढा, आणि दोन नंबरचा रिमोट मांडीवरून हातात घेतला.

पहिल्याच खड्ड्यात पडले, आई. दोन जीव उरलेत. मागे गेले नाही.